खाजनात खारफुटी माजलीय, शेत परत मिळेल का?

तिसवाडीची_सून:
नमस्कार मंडळी. आमच्या सासरचं खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेलं सखल शेत, गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्याला लागून आहे. मानसाची (बांधातल्या पाण्याच्या झडपेची) दारं कुजली तेव्हापासून भरतीचं खारं पाणी थेट आत येतं, शेत पडीक पडलंय आणि आता मधोमध कांदळ नि तिवरं अशी खारफुटीची झाडं उभी राहिलीत. सासरे म्हणतात जेसीबी लावून साफ करूया. मुलगी म्हणते हात लावायचा नाही, कारण पाणमांजरं तिथेच येतात, बांधावरच्या त्यांच्या विष्ठेत खेकड्यांच्या कवचाचे तुकडे नि माशांचे खवले असतात, मीही बघितलेत. मला भातही हवंय आणि ती जनावरंही हवीत. कुणी यातून गेलंय का?

भरती_ओहोटी:
ताई, जेसीबी आधी थांबवा. परवानगीशिवाय खारफुटी तोडली तर केस होते, आणि २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्यातल्या खाजनांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, खारफुटी राखायची, खाजनात बांधकाम करायचं नाही. पण मुळात दुखणं झाडांचं नाहीच हो, मानसाचं आहे. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर जातं, ना मोटर ना माणूस. दारं गेली की सगळं गेलं. कांदळाच्या लांब शेंगा झाडावर असतानाच रुजलेल्या असतात, पाण्याबरोबर आत आल्या की चिखलात उभ्या राहतात, म्हणजे आज तोडलं तरी पुढच्या वर्षी परत तेच. गावकारीकडे (गावच्या सामायिक जमिनी बघणाऱ्या संस्थेकडे) जा आणि मानसाचं काम पावसाआधी मागून घ्या.

कोरगुटवाला:
वरचं पटतं पण अर्धंच. झाडं राखा सांगणारे शेतात उतरत नाहीत. नदीकडच्या अंगाची खारफुटी लाटा अडवते, बार्ज (मालवाहू होडी) गेली की बांधावर आपटणारं पाणी झेलते, तिला कुणी हात लावू नये. पण बांधाच्या अंगातच मुळं शिरली आणि खेकड्यांनी बिळं पाडली तर गळती लागते, आज बोटभर तर एखाद्या मोठ्या भरतीला बांधच फुटतो. बिळं दिसली की लगेच चिखल नि पेंढा ठासायचा. मानस बसलं की पहिल्या पावसात शेत धुऊ द्या, पाणी साठवून ओहोटीला सोडा, मीठ उतरलं की मगच कोरगुट भात पेरा, तो खारं सहन करतो. आतल्या झाडांचं वनखात्याला लेखी विचारा.

मांगेथापणी:
एक सांगायचंय, त्या कालव्यात मगरी आहेत. संध्याकाळी मुलीला काठावर एकटी सोडू नका. पण घाबरून त्यांना पकडायला कुणाला बोलावूही नका. आमच्याकडे दुर्भाट, भोमा भागात पौषाच्या अमावस्येला खाजनातल्याच मातीची मगर करून पूजा करतात, बांध नि शेत राखणारी म्हणून. पाणमांजरांचं म्हणाल तर ती खेकडे खातात म्हणजे तुमच्या बांधाचंच काम करतात, आणि त्यांना पोंयीतले (मानसाजवळच्या खोल तळ्यातले) मासे लागतात, म्हणून मानसावर जाळं लावणाऱ्याला सांगा की बारीक मासळी सोडून दे, सगळं उपसू नको.

तिसवाडीची_सून:
सगळ्यांचे आभार. जेसीबीवाल्याला नाही म्हणून कळवलं. गावकारीत अर्ज देते, सासऱ्यांनाही बरोबर नेते, मानसाच्या जुन्या दारांची मापं त्यांनाच माहीत आहेत. दारं करणारा सुतार ओळखीत असेल तर मेसेज करा.