ईजीएफआरचा रिपोर्ट येण्याआधी गोळी सुरू करावी का?

कृष्णाकाठ:
फुफ्फुसाचा कॅन्सर, पेशंट बाई, तंबाखूला कधी हात लावलेला नाही, बायोप्सीत अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथीसारख्या पेशींचा कॅन्सर). एवढं कळलं की नातेवाइकांच्या ग्रुपवर सल्ला येतोच: "जेफिटिनिबची गोळी सुरू करा, ईजीएफआरच्या टेस्टवर पैसे कशाला घालवताय?" काही डॉक्टरही मान डोलावतात. माझा याला साफ विरोध आहे.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी: ईजीएफआर हे सातव्या गुणसूत्रावरचं जनुक. त्याचं प्रथिन पेशीच्या आवरणात आरपार बसलेलं असतं. बाहेरचा भाग वाढीचा निरोप घेतो, आतला भाग टायरोसिन कायनेज, म्हणजे फॉस्फेट चढवणारं एन्झाइम. निरोप आला की अशी दोन प्रथिनं जोडीने येतात, एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि विभाजनाचा हुकूम आत जातो. काही गाठींमध्ये एक्झॉन १९ मधला बारीकसा तुकडा गळालेला असतो, किंवा ८५८व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन आलेलं असतं. मग निरोप असो-नसो, कायनेज चालूच. कायनेजला फॉस्फेट पुरवतो तो एटीपी नावाचा रेणू; जेफिटिनिब त्याची जागा अडवून ते बंद पाडतं. गंमत म्हणजे गोळी आधी बाजारात आली आणि ती कुणाला का लागू पडते हे २००४ मध्ये कळलं.

आता २००९ ची आयपास चाचणी बघा, जेफिटिनिब विरुद्ध केमो. पूर्व आशियातले १२१७ पेशंट, बहुतेकांनी कधीच सिगारेट ओढलेली नाही. म्हणजे गोळीसाठी अगदी आदर्श मंडळी. तरी ज्यांची तपासणी झाली त्यांतल्या सुमारे ४० टक्क्यांमध्ये हा बिघाड नव्हताच. अशांचा आजार गोळीवर जेमतेम दीड महिना आटोक्यात राहिला, केमोवर साडेपाच. चेहरा बघून अंदाज बांधणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा.

भीमथडी:
आयपासचं अर्धंच सांगितलंत. एकूण किती जगले, यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. बिघाड नसलेल्यांतही नव्हता. मग दीड महिन्याचा एवढा बाऊ कशाला?

आमच्या आत्याच्या छातीतलं पाणी काढलं की आठवड्यात पुन्हा भरायचं. उशा रचून बसल्या बसल्या झोपायची. बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) कुरिअरने गेला आणि तिसऱ्या आठवड्यात लॅबचा फोन: "टिश्यू कमी पडतोय, पुन्हा पाठवा." म्हणजे पुन्हा सुई. जेनेरिक गोळी आता परवडते, पुरळ नि जुलाब सोडले तर झेपते. घरच्यांनी हातावर हात ठेवून बसायचं का?

पॅथकाका:
टिश्यू का कमी पडतो ते सांगतो. मुळात सुईने काढलेले दोन-तीन दोऱ्यासारखे तुकडे. त्यातून आधी नेहमीची स्लाइड, मग कॅन्सरचा प्रकार ठरवणारे टीटीएफ-१, पी-४० हे मार्कर. एखाद्याला हौस आली की आणखी चार मार्कर. दर वेळी ब्लॉक मशीनवर चढवला की तो सपाट करण्यातच माल छिलला जातो. फॉर्मवर पहिल्याच दिवशी "ईजीएफआर करायचं आहे" असं लिहिलेलं असेल तर आम्ही कोऱ्या स्लाइड आधीच कापून ठेवतो. हे एक वाक्य निम्म्या फॉर्मवर नसतं. आणि छातीतून काढलेलं पाणी फेकू नका हो! त्यातल्या पेशी गोळा करून त्यांचाही ब्लॉक (सेल ब्लॉक) होतो, त्यावरही टेस्ट होते.

नाखवा:
+१. शिवाय आपल्याकडे एक्स-रेवर डाग दिसला की आधी टीबीच्या गोळ्या. त्यात दोन-दोन, तीन-तीन महिने जातात, तेव्हा कुणी घड्याळ बघत नाही. घाई नेमकी रिपोर्टच्या वेळी आठवते.

रेवा:
@भीमथडी, जगण्यात फरक दिसला नाही कारण पहिला उपाय फसल्यावर बऱ्याच जणांना दुसरा मिळाला. दीड-दोन महिने आजार वाढू दिल्यावर आपला पेशंट केमो झेपण्याच्या अवस्थेत उरेल याची खात्री कोण देणार? तोवर वजन गेलेलं असतं. आणि गोळीही अगदी निरुपद्रवी नाही, क्वचित फुफ्फुसालाच सूज येते.

थांबता येत नसेल तर कार्बोप्लॅटिन-पेमेट्रेक्स्ड या केमोचं पहिलं सायकल द्या आणि रिपोर्ट आला की गोळी जोडा. मुंबईच्या टाटा मेमोरियलने बिघाड असलेल्या ३५० पेशंटांवर हेच पाहिलं: नुसतं जेफिटिनिब विरुद्ध जेफिटिनिब अधिक केमो. आजार आटोक्यात राहिला तो ८ महिने विरुद्ध १६. म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी ते सायकल वाया जात नाही. फक्त रिपोर्टशिवाय इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध) सुरू करू नका. त्यानंतर ऑसिमर्टिनिब (ईजीएफआरवरचीच नवी गोळी) द्यायची वेळ आली तर फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो.

भीमथडी:
त्याच टाटाच्या चाचणीत गंभीर दुष्परिणाम २५ टक्क्यांवरून ५१ वर गेले, तेही लिहा की. ऑक्सिजनवर असलेल्या बाहत्तरीच्या बाईला कुठला डॉक्टर केमो लावेल? अशा पेशंटला गोळी किंवा काहीच नाही, एवढेच दोन पर्याय असतात. तिथे मी गोळी देणार, आज विचाराल तरी.

रेवा:
अशा पेशंटबाबत मी तुमच्याशी फार भांडणार नाही. पण गोळी सुरू करण्याआधी हातातून रक्त तरी काढून घ्या. गाठीचा डीएनए रक्तात सापडतो. बिघाड दिसला तर सुई टळते. नाही दिसला तर मात्र तो "नाही" पक्का धरू नका, टिश्यूवर पाहावंच लागतं. गोळी चालू झाल्यावर रक्तातला तो डीएनए आटतो, मग उत्तर मिळणं अवघड.

कृष्णाकाठ:
माझा विरोध कायम. एकदा "अपवाद" म्हटलं की पुढच्या महिन्यात प्रत्येक पेशंट अपवाद ठरतो. रक्ताचा मुद्दा मात्र घेण्यासारखा आहे. @पॅथकाका, त्यासाठी साधी जांभळ्या बुचाची बाटली चालते का? आमच्या गावातून सॅम्पल पोचायला दोन दिवस लागतात.

पॅथकाका:
दोन दिवस असतील तर चालत नाही. साध्या बाटलीत पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएत गाठीचा डीएनए हरवतो. लॅबकडून खास बाटली मागवा, ती बाहेरच्या तापमानातही काही दिवस टिकते. फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नका.