विद्यापीठातल्या डिमेन्शिया परिषदेला घरच्यांनी जावं का?

प्रश्न: सासूबाईंना अल्झायमर आहे, मधली अवस्था. दिवेलागण झाली की "मला घरी जायचंय" म्हणत दाराच्या कडीशी झटापट सुरू. विद्यापीठातल्या परिषदेत संशोधक आहेत, काळजी घेणारेही आहेत. जाऊन काही हाती लागेल, की नुसत्या स्लाइडा बघून परत यायचं?

उत्तर १: जा, पण नव्या औषधांच्या सत्रावर भिस्त नको. लेकानेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, पण ते सुरुवातीच्या टप्प्यापुरतं. आजार थांबत नाही, जरा मंदावतो. शिवाय मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतोय का, हे बघायला एमआरआय करावे लागतात.

उत्तर २: ताई, काळजीच्या सत्रात पुढे बसा आणि कडीचंच विचारा. "अहो, हेच तर घर" म्हणून समजावू नका, भांडण पेटतं. मी बाबांना विचारते, "घरी कोण कोण असतं?" मग ते भावंडांची नावं सांगत बसतात, हात कडीवरून सुटतो. रोज जमतंच असं नाही हं. आणि कान तपासलेत का? ऐकू येत नसलं की गोंधळ आणखी वाढतो.

प्रश्नकर्ती: कान राहिलेच की! नाव नोंदवते. त्या दिवशी घरी नवरा थांबेल, त्याला अजून सांगायचंय.