घारापुरी रद्द करू नका
ताई, सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून घारापुरी बेटावरच्या लेण्यांची (एलिफंटा) सहल रद्द करू नका. आम्ही अलिबागहून आईला घेऊन गेलो होतो. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी गाडी आहे. पुढे सुमारे १२० पायऱ्या. डोलीवाले असतात, भाव आधीच ठरवा. सोमवारी लेणी बंद.

मुलांना मात्र आवर्जून सांगा, लेण्यांचा हा काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा, आपल्या सह्याद्रीचाच. खांब बाहेरून आणून उभे केलेले नाहीत, डोंगरच आत कोरत नेलाय! त्रिमूर्तीही त्याच अखंड कातळातली, साडेपाच मीटरच्या आसपास उंच. आईनं खांबाला तळहात टेकवला, "केवढा गार आहे रे," म्हणाली आणि तिथंच टेकून बसली. अर्धा तास हलली नाही.

परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरल्याउतरल्या विचारा. आणि खाऊची पिशवी हातात नको, माकडं ओढतात.