आईचा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा) एकदम ५.२ आलाय, पालेभाजी बंद असूनसुद्धा

आई ६१ वर्षांची, हृदयाचा मायट्रल व्हॉल्व्ह मेटलचा बसवलाय, ४ वर्षं एसिट्रॉम (रक्त पातळ करायची गोळी) चालू, एक दिवस २ एमजी एक दिवस ३. आयएनआर कायम २.५ ते ३.५ मधे असायचा, काल ५.२. डॉक्टरांनी दोन दिवस गोळी बंद ठेवून परत तपासायला सांगितलंय, ते करतोय, पण झालं कशाने कळेना. उलट कुणाचं तरी ऐकून तिने महिनाभर मेथी पालक सगळं सोडलंय. हां, मागच्या आठवड्यात पोट बिघडलेलं तेव्हा मेडिकलवाल्याने गोळ्या दिलेल्या, त्याचा काही संबंध?

उत्तर १
पाकीट शोधा आधी. मेट्रोनिडॅझोल (जुलाबावर देतात ते अँटिबायोटिक) असेल तर चोर सापडला, त्याने एसिट्रॉम शरीरात साठून राहतं आणि आयएनआर चढतो. आणि पालेभाजी सोडली म्हणून वाढूच शकतो हो! भाजीतलं व्हिटॅमिन के कमी झालं की तीच गोळी जास्त जोर करते. भाजी बंद करायची नसते, दर आठवड्याला साधारण सारखी खायची असते.

उत्तर २
आमच्या बाबांचा आयएनआर एकदम नॉर्मल होता तरी पोटात रक्तस्राव झाला, कारण गुडघ्यासाठी गुपचूप डायक्लोफिनॅक घेत होते. डांबरासारखी काळी शी व्हायला लागली तेव्हा कुठे सांगितलं. त्यामुळे नुसत्या आकड्यावर विसंबू नका, दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नाहीच. आणि पडल्या, डोकं आपटलं तर बाहेरून काही दिसो न दिसो थेट हॉस्पिटल.

प्रश्नकर्ता
पाकीट सापडलं, मेट्रोनिडॅझोलच 🙏 आता आई म्हणते आयएनआर लागत नाही त्या नवीन गोळ्या मला का देत नाहीत, शेजारच्या काकूंना आहेत.

उत्तर १
काकूंना बहुतेक ठोके अनियमित असल्यामुळे असतील. मेटलच्या व्हॉल्व्हला त्या चालत नाहीत, त्यातलीच डॅबिगॅट्रान देऊन बघितलेलं पण गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त झाले म्हणून ती चाचणी मधेच थांबवली, २०१३ मधे छापून आलंय. आणि एसिट्रॉम तुमच्या मनाने जास्त दिवस बंद ठेवू नका, व्हॉल्व्हवर गुठळी झाली तर ते जास्त महागात पडेल.

प्रश्नकर्ता
ओके, परवा तपासतो. आई विचारतेय मग आळूचं फदफदं करू का.

उत्तर २
परवाचा रिपोर्ट येऊ दे. भाजी परत सुरू केली की आकडा खाली यायला लागेल, म्हणून डॉक्टरांना तेही सांगा, मग करा. महिन्याभराची कसर एका दिवसात काढू नका म्हणावं 😀