मदत हवी आहे: परदेशी निघालेल्या मुलांशी काय बोलू?

आमच्या क्लबची शाळकरी पोहणारी मुलं पहिल्यांदाच परदेशी स्पर्धेला चालली आहेत. वागणुकीबद्दल बोलताना २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधल्या रायन लॉक्टी या अमेरिकन जलतरणपटूचं उदाहरण देणार आहे. बंदूक रोखून लुटलं, असं त्याने सांगितलं आणि जगाने लगेच मानलं, कारण ‘ब्राझील म्हणजे गुन्हेगारी’ हे डोक्यात पक्कं! प्रत्यक्षात पेट्रोल पंपावर त्यानेच भिंतीवरची जाहिरातीची पाटी ओढून पाडली होती आणि सशस्त्र सुरक्षारक्षकांनी भरपाई मागितली होती. त्याला १० महिन्यांची बंदी झाली. पण यजमान शहराची नाहक बदनामी झाली, त्याचा मला फार राग येतो.

आता मुलं ‘अमेरिकन असलेच’ म्हणाली तर? तेही तितकंच चूक. हे कसं समजावू? भारतीय संघांच्या परदेशातल्या वागणुकीची खात्रीची उदाहरणं आहेत का? प्रशिक्षकांनी कृपया सुचवा.