बायोस बदला आणि पाच सेकंदांत डेस्कटॉप? जरा थांबा!

खटपट्या
काल इथे एका महाशयांनी सल्ला दिलाय: "बायोसमध्ये जाऊन फास्ट बूट 'अल्ट्रा' करा, सीएसएम बंद करा, पाच सेकंदांत डेस्कटॉप. एसएसडीवर पैसे घालवू नका." खाली 'धन्यवाद सर'ची रांग. (नवख्यांसाठी: बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, फास्ट बूट म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या काही तपासण्या गाळणं, सीएसएम म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारी सोय, एसएसडी म्हणजे हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क.) प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअप टॅबमध्ये वर उजव्या कोपऱ्यात 'लास्ट बायोस टाइम', म्हणजे बायोसला लागलेला वेळ, बघा. बायोसमधली कुठलीही खटपट फक्त तो आकडा कमी करते. तिथे ७ सेकंद असतील आणि विंडोज हार्डडिस्कवरून रडतखडत येत असेल, तर बायोसने काय करावं? आणि तो आकडा दिसतच नसेल तर तुमचं विंडोज बहुधा लेगसी मोडमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू होणारं, आहे. अशा वेळी सीएसएम बंद केलं की विंडोज सापडणारच नाही. आधी डिस्कची मांडणी जुन्या एमबीआरची नवी जीपीटी करावी लागते. हे त्या पोस्टमध्ये कुठे आहे?

सोल्डरगन
नेहमीचं भीती घालणं. माझा एएमडीचा एएम५ बोर्ड, डीडीआर५ रॅम. रोज सकाळी काळा पडदा बघत बसायचो, कारण प्रत्येक वेळी मेमरी ट्रेनिंग, म्हणजे बोर्ड रॅमशी नव्याने जुळवून घेणार. 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' (मागचीच जुळणी परत वापरणं) चालू केलं, नेटवर्क स्टॅक (नेटवर्कवरून बूट व्हायची सोय) बंद केला, पोस्ट डिले (सुरुवातीला मुद्दाम थांबायचा वेळ) शून्यावर आणला. बायोस टाइम ४१ वरून १६ वर. एसएसडी आधीपासूनच होती, तिने काय दिवे लावले?

खटपट्या
@सोल्डरगन, तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी बरोबर आहेत आणि त्या पोस्टमध्ये त्यातली एकही नाही. अभिनंदन. फक्त कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू करून विंडोज कोसळल्याचे निळे पडदे यायला लागलेलेही आहेत. रॅमचं 'पॉवर डाउन' सेटिंग सोबत चालू ठेवावं लागतं, तेही सगळ्या बोर्डांवर पुरत नाही.

शंकासूर
अल्ट्रा केल्यावर डिलीट दाबून बायोस उघडतच नाही. कीबोर्डचा दिवा विंडोज आल्यावर लागतो. आता?

सोल्डरगन
शिफ्ट धरून रीस्टार्ट. ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज (यूईएफआय म्हणजे नव्या पद्धतीचं बायोस). एवढ्यासाठी रडायचं नसतं.

खटपट्या
आणि विंडोजच उठलं नाही तर? मग कॅबिनेट उघडा आणि सीएमओएस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग्ज मूळपदावर आणा. 'अल्ट्रा' ऐवजी साधं 'फास्ट' ठेवलं तर फरक किती पडतो, ते तरी मोजून बघा.

मंडईकर
तुमचं सेकंदांचं राजकारण चालू द्या. आमच्याकडे बाबा रोज रात्री भिंतीवरचा स्विच बंद करतात. "लाल दिवा दिसतोय म्हणजे मीटर फिरतोय." परिणामी बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी मेली. आता रोज तारीख मागे, ब्राउझर म्हणतो सर्टिफिकेट चुकीचं, आणि सुरू करताना 'एफ१ दाबा' म्हणून मशीन हटून बसतं. मी चहा करून येतो तरी तिथेच. कसलं फास्ट बूट?

सोल्डरगन
बाबांना सांगा, बंद मशीन २ वॅट खात असेल तर महिन्याला १.४४ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी पंधरा रुपयांच्या आत. स्विच चालू असला की घड्याळ स्टँडबायवर चालतं, बॅटरी टिकते.

देवगडकर
या पंधरा रुपयांवाल्याने मे अखेरीस कोकणात येऊन राहावं. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि शेजाऱ्यांच्या मशीनचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), मदरबोर्ड, राउटर सगळं गेलं. स्विच चालू होता. आम्ही नुसता स्विच नाही, प्लग उपटून ठेवतो. बॅटरी मेली तर नवी घालू, बोर्ड गेला तर तुम्ही देणार आहात का?

सोल्डरगन
विजा कडाडताना प्लग काढा, कोण नको म्हणतंय? बारमाही रोज रात्री कशाला? एवढंच मीटर टोचत असेल तर बायोसमध्ये 'ईआरपी' चालू करा. बंद असताना अर्धा-एक वॅटच्या आसपास राहतं, यूएसबीचे दिवेही विझतात. बाबा खूश.

मंडईकर
ईआरपी चालू केलं. लाल दिवा गेला. बाबा म्हणाले, "आता दिवाच नाही, मग कळणार कसं बंद आहे की नाही?" आणि स्विच बंद केला.

देवगडकर
बाबांना दंडवत. 🙏

वहिनी_लिनक्सवाल्या
या मारामारीत मुद्दा राहिला. बायोसचं फास्ट बूट वेगळं आणि विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' वेगळं. दुसरं म्हणजे अर्धवट हायबरनेशन, शटडाउन करताना विंडोज आपला गाभा (कर्नल) डिस्कवर लिहून ठेवतं. म्हणून मशीन अडलं की शटडाउन करून उपयोग नाही, रीस्टार्टच करायचं. ड्युअल बूट (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स) असेल तर फास्ट स्टार्टअप बंदच ठेवा. माझं विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन लिनक्समधून लिहूच देईना, अर्धा रविवार त्यात गेला. लिनक्सवर 'सिस्टमडी-अॅनालाइझ' चालवा, फर्मवेअर, लोडर, कर्नल सगळ्यांचा हिशेब वेगवेगळा मिळतो.

खटपट्या
वहिनी, हे धाग्यातच लिहायला हवं होतं, तुम्ही लिहिलंत बरं झालं. आणखी एक. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं) चालू असताना बायोसमधल्या सिक्युअर बूटला हात लावला तर ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी लिहून ठेवा.

सोल्डरगन
बरं बाबा, 'पाच सेकंद' ही थाप होती, मान्य. समाधान झालं? पण 'धन्यवाद सर' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना बायोस उघडता आलं ते त्या पोस्टमुळे, तुमच्या धाग्यामुळे नाही.

शंकासूर
शिफ्ट धरून रीस्टार्ट केलं, यूईएफआयचा पर्यायच दिसत नाही.

खटपट्या
@सोल्डरगन, घ्या. तुमचं गिऱ्हाईक.