पाटावरून उठता येतं का? साठीनंतरच्या सवयींचा अनुभव धागा

एकशेतीन

गेल्या गणेश चतुर्थीची गोष्ट. पूजेला पाऊण तास पाटावर मांडी घालून बसलो होतो. आरतीसाठी उठायला गेलो तर उठताच येईना. डाव्या पायाला मुंग्या, उजवा गुडघा ऐकायला तयार नाही. हात टेकला तो नेमका चौरंगाच्या कडेवर. चौरंग हलला, समई लवंडता लवंडता वाचली, सून "बाबा!" म्हणून ओरडली. नातवाने घंटा वाजवायची थांबवून माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर अजून डोक्यातून जात नाही.

वय ६७, बँकेतून निवृत्त. बारा वर्षं आठवड्यातून चार दिवस पर्वती चढतोय. १०३ पायऱ्या, मध्ये न थांबता. त्याची मिजासही होती. ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "काका, तुम्ही चालता उत्तम. पण जमिनीवर शेवटचे कधी बसला होतात?" आठवेना. जेवण टेबलावर, टीव्ही सोफ्यावर, संडास कमोडचा. मागच्या गणपतीनंतर थेट या गणपतीला!

त्यांनी सांगितलेलं सोपं होतं. आधी खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठबस. ते जमल्यावर पाटावर दोन जाड उशा ठेवून त्यावर बसायचं नि उठायचं. मग एक उशी. मग नुसता पाट. मला उशांपासून पाटापर्यंत यायला साडेतीन महिने लागले. आता सकाळचा चहा खालीच घेतो. दात घासताना बेसिनला एक बोट लावून एका पायावर उभा राहतो, वरचे दात उजव्यावर, खालचे डाव्यावर.

तर धागा यासाठी. साठीच्या आसपास किंवा पुढे तुम्ही रोज खरोखर करता ती सवय लिहा. 'करायला हवी' अशी नको. करून सोडून दिलेली चालेल. हळद-लिंबू-मेथीचे फॉरवर्ड मात्र नकोत, ते सगळ्यांकडे आलेले आहेत.

उंबरठा

डोंबिवली, वय ७२. आमच्याकडे सवय लागली ती किंमत मोजून.

पाच वर्षांपूर्वी हे रात्री दोनला बाथरूमला उठले. दाराशी मी हौसेनं विणलेलं पायपुसणं होतं. ते सरकलं. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, चार महिने वॉकर. पडण्याआधी त्यांना किंचित गरगरलं होतं, हे त्यांनी आम्हाला तीन आठवड्यांनी सांगितलं. प्रोस्टेटची गोळी नुकतीच सुरू झाली होती. त्या गोळीने उठताना रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, हे तेव्हा आम्हाला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

आता घरात एकही सुटं पायपुसणं नाही. कमोडशेजारी आणि नळाजवळ स्टीलचे दांडे, भिंतीत ड्रिल मारून बसवलेले. (टॉवेलच्या दांडीला धरून उठू नका. ती टॉवेलपुरतीच असते.) पॅसेजमध्ये रात्रभर छोटा दिवा. आणि जाग आली की आधी पलंगाच्या कडेला बसून तीस आकडे मोजायचे, मग उभं राहायचं. हे मोठ्याने मोजतात. रात्री दोनला "सत्तावीस, अठ्ठावीस" ऐकत मी कूस बदलते. माझा गाऊनही चार बोटं आखूड करून घेतलाय, पायात येत होता.

गंगावेस

कोल्हापूर. ६४ चालू आहे. माझं खाण्याबद्दल.

प्रोटीन म्हणजे तालमीतल्या पोरांचं काम, असा माझा समज. आणि कोल्हापूरकराला कोण सांगणार कमी पडतंय म्हणून? बुधवार-रविवार मटण, कट्ट्यावरचं धारोष्ण दूध, झालं की! डायबेटिसमुळे आहारतज्ज्ञाकडे जावं लागलं. तिनं तीन दिवसांचं खाणं लिहायला लावलं. नेमके सोमवार, मंगळवार, गुरुवार आले. सकाळी चहा-खारी, दुपारी दोन भाकरी, वांग्याची भाजी, पातळ आमटी, संध्याकाळी चहा-चिवडा, रात्री आमटी-भात. बेरीज ३५ ग्रॅमच्या आसपास. माझं वजन ६२ किलो. आपल्याकडची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे किमान ५१ तरी हवं, आणि उतारवयात स्नायू टिकवायला याहून थोडं जास्त बरं, असं ती म्हणाली. कट्ट्यावरचं दूधही कधीच सुटलं होतं म्हणा. ते धारोष्ण दूध मी वीस वर्षांपूर्वी प्यायचो, पण तोंडी अजून तेच!

आता सकाळी दोन उकडलेली अंडी, दुपारी वाटीभर घट्ट उसळ, संध्याकाळी चिवड्याऐवजी मूठभर फुटाणे-शेंगदाणे, रात्री दही. पातळ आमटीतली डाळ शोधावी लागते, हे आमच्या मंडळींना सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं, ते त्या पोरीनं केलं. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र हे माझं ऐकून करू नये, डॉक्टरला विचारावं.

खडखड्या

आमचे आजोबा रोज दोन बंडल बिड्या ओढून ९१ वर्षं जगले. अंडी मोजली नाहीत की एका पायावर उभे राहिले नाहीत. चालू द्या.

एकशेतीन

@खडखड्या, आणि आजोबांचे भाऊ?

खडखड्या

दोघे पन्नाशीत गेले. एकाचा घसा, एकाची छाती. बरं, मुद्दा पोचला.

मोड आलेली मटकी

थोडक्यात लिहिते. नाशिक, ६१, पूर्ण शाकाहारी, दहा वर्षं डायबेटिसची मेटफॉर्मिन गोळी. पावलांना मुंग्या, चालताना गादीवर चालल्यासारखं वाटायचं. 'वयामुळे' म्हणून वर्ष काढलं. तपासलं तर बी-१२ तळाला. शाकाहारात ते मुळातच कमी, त्यात ही गोळी लांब काळ घेतली की आणखी कमी होऊ शकतं. इंजेक्शनं घेतली, बरंच सुधारलं, पण डाव्या अंगठ्याची बधिरता राहिली ती राहिलीच. आता दरवर्षी वाढदिवसाच्या आठवड्यात तपासते. 'वयामुळे' हा शब्द आमच्या घरात बंद केलाय.

संत्राबर्फी

नागपूर, वय ७४. माझी सवय सकाळी उठून कानात मशीन घालायची. हसू नका बाप्पा.

चार-पाच वर्षं मी ऐकू येत नाही हे मान्यच करत नव्हतो. लोक पुटपुटतात, असं माझं म्हणणं. टीव्ही इतका मोठा की शेजारच्यांना बातम्या फुकट. फुटाळा तलावावर आमचा सहा जणांचा कंपू होता. विनोद झाला की सगळे हसायचे, मीही हसायचो, उशिरा. मग हळूहळू जायचंच सोडलं. गुडघा दुखतो म्हणून सांगायचो. गुडघा ठणठणीत होता.

मुलीनं ऑडिओलॉजिस्टकडे नेलं. पहिले दोन महिने मशीन म्हणजे छळ. भांड्यांचा आवाज, पंख्याची घरघर, स्वतःचं चावणं, सगळं डोक्यात. मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं होतं. मुलगी डॉक्टर आहे. तिनं सांगितलं की लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता किंवा लांबवता येण्यासारखी १४ कारणं मांडली, त्यात कमी ऐकू येणंही आहे. दुर्लक्षिलेली अधू नजर त्या यादीत नव्याने आली. घाबरून मशीन ड्रॉवरमधून बाहेर काढलं. रोज एक तास, मग दोन. आता झोपतानाच काढतो. कंपूत परत गेलो तेव्हा कळलं, विनोद तेच जुने आहेत, मी फार काही गमावलं नव्हतं! पण वेळेवर हसतो.

चालता बोलता

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. धागाकर्त्यांच्या बाई मी नव्हे, पण सल्ला तोच दिला असता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आहेच. पण ६५ च्या पुढच्यांना तोल आणि ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस वेगळे सांगितले आहेत. आपल्याकडे पहिला भाग सगळे करतात, दुसरा कुणीच नाही.

एका पायावर उभं राहण्याबद्दल २०२२ मध्ये ब्राझीलमधला एक अभ्यास आला होता, ५१ ते ७५ वयाच्या १७०० जणांचा. ज्यांना दहा सेकंद जमलं नाही, त्यांच्यात पुढच्या सात वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. घाबरू नका, न जमणं ही खूण आहे, कारण नव्हे. फक्त सराव धरायला काहीतरी असेल तिथेच करा.

आणि पडल्यावर कसं उठायचं हे पडण्याआधी शिकून ठेवा. लगेच धडपडू नका. एक मिनिट पडून राहा, कुठे फार दुखतंय का बघा. दुखत असेल तर हलू नका, हाक मारा. नसेल तर कुशीवर वळा, मग रांगायच्या स्थितीत या, जवळच्या भक्कम खुर्चीपर्यंत रांगा, बैठकीवर दोन्ही हात टेका, धडधाकट पाय पुढे घ्या आणि वर या. वळून खुर्चीत बसा. माझ्या एका पेशंट आजी नातीबरोबर महिन्यातून एकदा याची तालीम करतात. नात त्याला 'पडापडी' म्हणते.

सोलकढी

मालवणजवळ राहते, ६९. शहरातले लोक समजतात गावात सगळे काटक. अंगण झाडणं, विहिरीचं पाणी, नारळ नि पातेरा (वाळलेला पाला) गोळा करणं, हे सगळं अजून आहे. खाली बसणं तर आहेच. गुडघे तरीही कुरकुरतात.

पण माझी अडचण वेगळी. मुलं मुंबईला. सासू गेल्यानंतर दिवसात एक शब्द बोलायला माणूस नसायचा. जेवण एकदाच करायचं, तेही उभ्यानं. वजन सात किलो उतरलं तेव्हा लक्षात आलं. आता शेजारची वहिनी नि मी दुपारचं जेवण एकत्र घेतो, एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. दुसरं माणूस येणार म्हटलं की आमटीला फोडणी पडते. कुळथाची पिठी सुद्धा नीट होते.

लाल डबा

मी ८१ वर्षांची आहे. तासगाव. नातू टाइप करतो आहे, मी सांगते आहे.

माझी सवय एसटी. ७५ च्या पुढे २०२२ पासून एसटी फुकट झाली. कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो. तेव्हापासून मी दर महिन्याला मिरजेला धाकट्या बहिणीकडे जाते. ती ७८ ची. जाताना शेंगांची चटणी नेते, येताना तिच्याकडचं मासिक आणते.

एसटीची पहिली पायरी फार उंच असते. वर्षभरापूर्वी पाय वर जाईना, मागच्या पोरानं उचलून चढवलं. मला लाज वाटली. मग घरी जिन्याचा कठडा धरून रोज सकाळी पहिल्या पायरीवर चढ-उतर केली, दहा उजव्यानं, दहा डाव्यानं. नंतर एक पायरी सोडून दुसरीवर. आता मी दांडा धरून स्वतः चढते. पिशवी आधी आत टाकते.

एकशेतीन

आजी, नमस्कार. तुमच्यापुढे माझ्या १०३ पायऱ्यांचं काही खरं नाही. एक विचारू? ती पहिली पायरी साधारण किती उंच असते? मलाही तेवढा सराव करायचाय.

लाल डबा

मोजली नाही कधी. परवा सकाळच्या गाडीनं जाणार आहे. मोजून सांगते.

लाल डबा

दोन वीत आणि वर चार बोटं. माझी वीत लहान आहे. कंडक्टर विचारत होता, आजी, काही पडलं का?